रकाना नऊ

१७ एप्रिल १९८५, बुधवार

आज एक्केचाळीस फॉर्म भरले. सगळे शेलवड्याच्या एस.टी. स्टँडवर, बाकावर बसून. घरे एक्केचाळीस, आणि मी गेलो एकाच घरात — तेही अर्धवट!

जसे झाले तसे लिहितो. कुठे तरी खरे लिहिले पाहिजे.

सकाळी नऊला वस्तीवर पोचलो. शेलवडे म्हणायला शहर, नगरपालिका आहे. पण तिच्याकडे ना इंजिनियर ना पैसा. म्हणून आमच्या नियोजन मंडळाने तिथले पाणी, गटारे, दिवे, दवाखाना या सगळ्याची योजना हाती घेतली आहे. मंडळाने पाहणी करायची, आराखडा काढायचा, कर्ज द्यायचे. नगरपालिकेने नळ टाकायचे. कोणत्या वस्तीला आधी नळ, कोणत्या वस्तीला नंतर, हे आमच्या फॉर्मवरून ठरणार. माझ्याकडे शेवटची वस्ती राहिली होती — बौद्धवाडी. ओढ्यापलीकडे, खालच्या अंगाला. तीन दिवसांपूर्वीच जयंती झाली, त्यामुळे निळ्या पताका अजून होत्या आणि भिंतींना ताजा चुना.

पहिलेच घर. कमल नावाची बाई, तिशीची असेल. मी पायरीवर फॉर्म मांडला. नाव, माणसे किती, कमावणारे किती — नीट चालले होते. ऊन भयंकर. ती मध्येच उठून आत गेली आणि पितळेचा पेला भरून घेऊन आली. लख्ख घासलेला.

"घ्या भाऊ, उन्हातनं आलाव."

माझा हात पुढे गेला नाही.

का नाही गेला, मला माहीत नाही. म्हणजे — माहीत आहे. कार्यालयात मी रोज आमच्या अंबादासबरोबर, तोही बौद्धच, चहा पितो, एका बशीतली भजी खातो. तेव्हा काही वाटत नाही. पण ती कँटीनची. हे त्यांच्या घरातले पाणी होते. गावी लहानपणी जे पाहिले ते अंगातून गेले असे समजत होतो. गेलेले नाही.

मी म्हणालो, "उपास आहे."

ती हसली. "उपासाला पाणी चालतंय की!"

"निर्जळी आहे."

"बुधवारची? कसली वो?"

मला एकही उपास आठवेना! "नवस आहे," म्हणालो. दारात तिची सासू बसली होती. तिने हात लांबवून पेला घेतला आणि पाणी परत घागरीत ओतले. सावकाश. एक थेंबसुद्धा बाहेर पडू दिला नाही.

मग मला तिथे बसवेना. "जेवून येतो," म्हणून उठलो. निर्जळी उपासाचा माणूस जेवून येतो म्हणाला! तिच्या लक्षात आलेच असेल. परत गेलो नाही.

स्टँडवर मतदारयादी काढली. नावे तिच्यातून घेतली, माणसे अंदाजाने. नवव्या रकान्यापाशी अडलो — 'पिण्याच्या पाण्याचे साधन'. तिथे 'नाही' लिहिले की खाली तीन पोटरकाने भरावे लागतात: पाणी किती अंतरावरून आणता, एका खेपेला किती वेळ लागतो, कोण आणते. एक्केचाळीस घरांच्या खेपा मी कुठून आणू? तेवढे खोटे मला रचता आले नसते. 'वस्तीत विहीर' लिहिले की थेट रकाना दहा. येताना बाभळीमागे विहिरीचा कठडा दिसला होता. आत पाणी आहे का ते पाहिले नव्हते.

लिहिले. 'वस्तीत विहीर.' एक्केचाळीस वेळा. अक्षर कुठे बिघडू दिले नाही.

मग स्टँडच्या नळाला ओंजळ लावून पाणी प्यायलो. पोट दुखेपर्यंत.

१८ एप्रिल, गुरुवार

मुलुंडच्या कार्यालयात फॉर्म दिले. अंबादास सोनकांबळे आमचा सुपरवायझर. नांदेडकडचा, बी.ए. झालेला, माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठा. नियम असा आहे की शंभरातले दहा फॉर्म त्याने स्वतः घरी जाऊन ताडून पाहायचे. नंदकिशोरचे, म्हणजे आमच्यातल्या दुसऱ्या सर्वेक्षकाचे, तो सगळेच पाहतो, कारण नंदकिशोर बोरिवलीहून निघतो तेव्हाच निम्मे भरून आणतो असे सगळे म्हणतात.

माझे फॉर्म त्याने चाळले. "तुझे नाही तपासत, लवू. कुठं खाडाखोड नाही, वेलांटी चुकत नाही. तुला खोटं लिहिताच यायचं नाही."

मी टेबलावरची टाचणी उचलून डबीत ठेवली.

मग हळू आवाजात म्हणाला, "अन् दुसरं असं, ही वस्ती माझ्या लोकांची. मी गेलो तर उद्या कोणी तरी म्हणणार, सोनकांबळे आपल्यांचं बघतो. म्हणून तर मुद्दाम तुला पाठवलं."

आणि सही केली. 'प्रत्यक्ष पडताळणी केली.' तारीख.

२१ एप्रिल, रविवार

दिवसभर वाकोल्याला खोलीवर. बाबांची सुट्टी नव्हती, पण साकीनाक्याच्या वर्कशॉपवर बदलीचा माणूस वेळेआधी आला म्हणून रखवालीवरून लवकर आले. संपात गिरणी गेली तेव्हापासून बाबा तिथे आहेत. जेवताना नेहमीचेच — "तुका परमनंट कधी करतले?"

मी म्हटले, शेलवड्याचे काम संपले की यादी लागेल. मी रोजंदारीवर आहे हे आई शेजारी सांगत नाही. 'सरकारी हापिसात असा' एवढेच सांगते. दहावीला दोन विषय गेले हेही सांगत नाही.

विहीर तिथे आहेच. मी कठडा पाहिला. कठडा कोणी उगाच बांधत नाही.

६ मे, सोमवार

राजाध्यक्षसाहेबांनी आकड्यांचे तक्ते सुवाच्य करायचे काम मला दिले. साहेब म्हणजे आमचे उपनियोजक, मुलुंडच्या कार्यालयाचे मुख्य. "कोणाचं हे अक्षर?" असे त्यांनी विचारले म्हणे. नंदकिशोर म्हणाला, "झकास! तुझी लाइन लागली, यार." आनंद व्हायला हवा होता.

२८ मे, मंगळवार

आज समजले. माझ्याच हाताने लिहिताना समजले.

प्रत्येक वस्तीला गुण द्यायचे आहेत. पाण्याचे साधन नसेल तर दहा. वस्तीत विहीर असेल तर शून्य. गटार नाही, दिवे नाहीत, दवाखाना लांब — त्याचे वेगळे. अठराच्या वर गुण ती वस्ती पहिल्या टप्प्यात. बौद्धवाडीला अकरा आले. पाण्याचे दहा मिळाले असते तर एकवीस — साऱ्या शेलवड्यात सर्वांत जास्त! यादीत पहिले नाव त्यांचे लागले असते. बेरीज तीनदा केली.

आता ती दुसऱ्या टप्प्यात. पुढे लिहायचे — 'निधी उपलब्ध झाल्यास'.

नंदकिशोरला सहज विचारले, दुसरा टप्पा कधी असतो रे?

"दुसरा टप्पा? आपले नातू रिटायर होतील ना, त्याच्या आसपास."

हसला. मीही हसलो. हसलो!

२९ मे, बुधवार

आज अंबादासला सांगणार होतो. तो रजेवर.

३० मे, गुरुवार

आज रजेवर नव्हता.

३ जून, सोमवार

उद्या नक्की.

१८ जून, मंगळवार

ती आली होती. कमल. बरोबर शकु नावाची आणखी एक बाई. नगरपालिकेने पहिल्या टप्प्याची यादी फळ्यावर लावली, खाली वगळलेल्या वस्त्यांची कारणेही — बौद्धवाडीपुढे 'वस्तीत विहीर'. ती पाहून पहाटे निघून मुलुंडपर्यंत आल्या. साहेबांना भेटायचे होते. शिपाई म्हणाला, आधी लेखी अर्ज आणा. आणि नंदकिशोरने त्यांना सरळ माझ्या टेबलाशी आणले. "हा बघा आमचा लेखक. अक्षर बघून साहेब गार होतील."

तिने मला ओळखले. लगेच.

"तुमी ते उपासवाले भाऊ ना?"

नंदकिशोर मोठ्याने म्हणाला, "उपास? आणि हा? अहो बाई, हा शनिवारीसुद्धा बोंबील सोडत नाही!"

ती हसली नाही. शकु हसायला लागली होती, कमलने तिच्याकडे पाहिले तशी तीही थांबली. मी कागद पुढे ओढला आणि खाली मान घालून म्हणालो, सांगा.

तिने सांगितले ते मी लिहिले. विहीर होती. दुष्काळात आटली, तिला पुन्हा पाणी आले नाही. गुरे पडतात म्हणून वरून काट्या टाकल्या आहेत. पाणी वरच्या आळीच्या विहिरीवरून आणतात. तिथे यांच्या घागरी शेवटी — सगळ्यांचे भरून झाले की मग. दोरही आपला आपण न्यायचा. घरापासून पाऊण मैल. एका खेपेला दीड तास, कधी दोन.

"कोण आणतं?" मी विचारले. हा प्रश्न फॉर्ममधला होता. तोंडातून आपोआप गेला.

"मी आनते. आन् माजी पोर, नऊ वर्सांची. सकाळच्या शाळंला जात नाय ती आता."

अंतर, वेळ, कोण आणते. तिन्ही पोटरकाने तिने पाच मिनिटांत भरून दिले. मी एप्रिलमध्ये तिच्या पायरीवर आणखी पाच मिनिटे बसलो असतो तर!

मग ती म्हणाली, "आमच्याकडं विहीर हाय आसं कोणी लिवलं असंल वो? आमच्याकडं तर तुमीच आला होता."

मी म्हणालो, "कार्यालयात काही तरी चूक झाली असेल."

ती बघत राहिली. शकुने तिला कोपर मारले — चल, गाडी चुकेल. कमलने अर्जावर सही केली. सही करताना एकेक अक्षर तोंडाने पुटपुटत होती. उठताना म्हणाली, "बरोबर लिवलंय ना भाऊ सगळं? तुमच्या हातात हाय."

हे टोचून म्हणाली की सरळ म्हणाली, ते अजून समजत नाही. दोन्हीपैकी कोणते जास्त वाईट, तेही समजत नाही.

१९ जून, बुधवार

अंबादासला सांगितले.

दुपारी चहाला बाहेर नेले. मला पेल्यापासून सुरुवात करायची होती. दोन वाक्ये झाली आणि त्याने हात वर केला.

"ते पेल्याचं मला नको सांगूस. त्याची माफी मी द्यायची नसती. तुझं तू बघ. फॉर्मचं बोल. किती?"

"एक्केचाळीस."

"सगळे?"

"सगळे."

त्याने चहा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "पडताळणीची सही माझी आहे." मला वाटले शिवी देईल. दिली असती तर बरे झाले असते. "मी गेलो असतो तर तिथल्या तिथं कळलं असतं. गेलो नाही. का, तर लोक काय म्हणतील! आपणच आपल्या माणसांना टाळलं बघ."

मी म्हणालो, अंबादासभाऊ, चूक माझी आहे.

"चूक नाही म्हणत याला." मग एकदम कामाचा आवाज काढून — "मी फेरपाहणीची टिपणी टाकतो. तू लेखी दे. तुझ्या शब्दात, तुझ्या सहीनं. माझ्या एकट्याच्या टिपणीला काही अर्थ नाही. समजलं ना?"

समजले.

२० जून, गुरुवार

निवेदन लिहिले. चार मसुदे. पहिल्यात 'तब्येत बिघडल्यामुळे' असे कारण लिहिले होते, ते फाडले. दुसऱ्यात 'उन्हामुळे'. तेही फाडले. तिसऱ्यात रडगाणे फार. चौथा बरोबर आहे: घरी गेलो नाही, फॉर्म स्टँडवर भरले, नवव्या रकान्यातील नोंद खोटी आहे. एक ओळ उपासाची होती, ती गाळली. सदऱ्याच्या खिशात ठेवले.

२४ जून, सोमवार

साहेब दौऱ्यावर. निवेदन खिशातच.

२६ जून, बुधवार

हे लिहायचे नाही असे ठरवले होते. तरी लिहितो.

साडेबाराला साहेबांनी बोलावले. आत अंबादास उभा होता. टेबलावर त्याची टिपणी, कमलचा अर्ज — माझ्या अक्षरातला — आणि बौद्धवाडीचे एक्केचाळीस फॉर्म, तेही माझ्या अक्षरातले.

साहेब अंबादासला म्हणाले, "सोनकांबळे, ही वस्ती तुमच्या समाजाची ना?"

"हो, साहेब."

"एप्रिलमध्ये पडताळणी केली म्हणून तुम्ही सही करता. यादी लागते. वस्ती मागे पडते. त्यानंतर तुम्हाला साक्षात्कार होतो की नोंद चुकली. मी काय समजायचं?"

"साहेब, लवूला विचारा. त्याचं लेखी आहे."

साहेब माझ्याकडे वळले. आवाज एकदम मऊ केला. "बस, घाडी." बसलो! अंबादास उभा आणि मी बसलो. साहेबांनी फॉर्मची चळत माझ्यापुढे सरकवली. "हे बघ. असे फॉर्म मी वीस वर्षांत पाहिले नाहीत. सोनकांबळे सांगतायत की हे खोटे आहेत. तुझ्यावर कोणी दडपण आणत असेल तर मोकळेपणानं सांग. तू घरोघर जाऊन भरलेस ना?"

त्यांच्या हाताखाली एक फाइल होती. उलटी होती तरी वाचता आले. मी उलटे चांगले वाचतो. 'कायम नेमणूक — प्रस्ताव'. पहिलेच नाव माझे.

खिशात कागद होता. नुसता काढून टेबलावर ठेवायचा होता. तोंडाने काही बोलायचीही गरज नव्हती.

मी म्हणालो, "हो, साहेब."

अंबादासने माझ्याकडे पाहिले नाही. समोरच्या भिंतीवर शेलवड्याचा नकाशा आहे, तो तिकडे पाहत राहिला. बाहेर आल्यावर जिन्यापर्यंत मी त्याच्या मागे गेलो. तो थांबला नाही.

२७ जून, गुरुवार

अंबादासला मेमो मिळाला. 'स्वसमाजाच्या वस्तीस लाभ व्हावा या हेतूने नोंदी बदलण्याचा प्रयत्न.' खुलासा सात दिवसांत. सुपरवायझरचे काम काढून घेतले, कोपऱ्यातल्या टेबलावर बसवले.

नंदकिशोरने मला पाण्याच्या टाकीपाशी गाठले. "तू हो म्हणालास?"

मी टाकीचा नळ घट्ट केला.

"मी खोटं भरतो ना, सगळ्यांना माहितीये. शिव्या खातो, परत जातो, नीट भरून आणतो. पण यार, कोणाच्या पोटावर पाय नाही दिला कधी. त्याची बायको पोटुशी आहे, माहितीये तुला?"

नव्हते माहीत. रोज एकत्र चहा पितो आणि मला माहीत नव्हते.

३० जून, रविवार

आई कीर्तनाला गेली होती. बाबांना सगळे सांगितले. पेल्यासकट. बाबा खाटेवर बसून पायाला तेल चोळत होते. ऐकताना हात थांबला नाही.

मग म्हणाले, "आमच्या गिरणीत साच्याखात्यात, मागावर, त्येंका घेयत नसत. ठावक असा तुका?"

मी म्हटले, नाही.

"तुटलेलो धागो तोंडान ओढूचो लागता. त्येंचो उष्टो धागो चलाचो नाय लोकांका. पगार साच्याखात्यात जास्त. ते बिचारे झाडूक नायतर दुसऱ्या खात्यात. माझ्या वांगडा एक झील भरती होवक इल्लो. जॉबरान, मुकादमान, परत धाडल्यान. माझी जागा थंय झाली."

मी विचारले, तुम्ही काही बोलला नाही?

"मी? मी गप रवलंय." तेलाची वाटी खाली ठेवली. "चाळीस वर्सां पुरी होतीत आता थोड्या दिसांनी. तेचा तोंड अजून धेनात असा. नाव इचारूक इसारलंय."

बाबांनी हे कधीच कोणाला सांगितले नसेल. मला वाटत होते ते मला रागावतील, किंवा म्हणतील, जाऊ दे. दोन्ही केले नाही. माझ्याकडे असे पाहिले जणू आम्ही दोघे एकाच खात्यातले.

२ जुलै, मंगळवार

हुकूम मिळाला. कायम. आठ तारखेला हजर व्हायचे. शिपायाने सर्वांदेखत हातात दिला. दोघेतिघे टाळ्या वाजवायला लागले आणि मग कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहून थांबले.

दुपारी अंबादासच्या टेबलाशी गेलो. तो खुलासा लिहीत होता. म्हणालो, मी आता साहेबांना खरे सांगतो. आता, या क्षणी.

"आता काय सांगतोस?" त्याने मान वर केली नाही. "आता म्हणतील, सोनकांबळेनं पोराला धमकावलं. तुझा शब्द एकदा वापरून झालाय, लवू. त्याच्या पुढं तुझं ते निवेदन म्हणजे रद्दी. जूनची तारीख आहे ना त्याच्यावर? यादी लागल्यानंतरची?"

"हो."

"मग झालं तर. शुक्रवारी यादी मंजूर करायला समिती बसते. एकदा शिक्का पडला की कमलबाईची पोर घागर वाहून वाहून म्हातारी होईल."

"मी काय करू, भाऊ?"

तेव्हा त्याने वर पाहिले. पहिल्यांदाच, त्या दिवसानंतर. "एप्रिलमधलं काही आण. त्या दिवशीचं. तारखेचं. नसेल तर घरी जा, पेढे वाट."

३ जुलै, बुधवार

एस.टी.चे तिकीट शोधले. पत्र्याची पेटी उपसली, जुन्या पँटचे खिसे उलटे केले. सतरा एप्रिलचे काहीही नाही. असते तरी त्यावरून एवढेच समजले असते की मी तिथे गेलो होतो. ते तर मी म्हणतोच आहे.

आईने पेढे आणून ठेवले आहेत. पाव किलो.

४ जुलै १९८५, गुरुवार

माननीय उपनियोजक साहेब,

बौद्धवाडी, शेलवडे येथील एक्केचाळीस फॉर्मबाबत पुरावा म्हणून ही वही सादर करीत आहे. पहिले पान त्याच दिवशी, १७ एप्रिलला, लिहिले आहे. तेवढे एकच पान काढून देणार होतो. पण सुट्या पानावर कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून संपूर्ण वही देत आहे. तिच्यात माझ्या वडिलांचे काही आहे, ते कृपया मोठ्याने वाचू नये. वही प्रथम श्री. सोनकांबळे यांना दाखवत आहे.

लिहिलेली पाने एकतीस. एकही फाडलेले नाही. मोजून घ्यावीत.

लवू गुणाजी घाडी
सर्वेक्षक (रोजंदारी)